संग्रहालयांची तुलना व पुसेगांवची कसोटी

निरनिराळ्या शहरांतील वस्तुसंग्रहालयांची तुलना करून त्यांत पहिलें कोणतें व दुसरें कोणतें हें ठरविण्याची चाल अलीकडे पडली आहे. अमेरिकेंतील बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो इत्यादि शहरांच्या कलासंग्रहालयांविषयीं अशी चर्चा पुष्कळ होते, व आपल्याकडेहि मुंबई, पुणें, नागपूर, कोल्हापूर येथील संग्रहालयांची तशीच क्रमवारी लाविली जाते. या तुलनेंत इमारतीची भव्यता, वस्तूंची संख्या, दालनांची सजावट व प्रेक्षकांची गर्दी यांवरच भर असतो. जुन्या पोथ्या, नाणीं, ताम्रपट व मूर्ति यांच्या शोधांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस हीं मापें अपुरीं वाटतील. प्रस्तुत लेखांत त्याच संग्रहालयांस एक निराळें माप लावून पाहण्याचा विचार आहे. तें माप कसें सुचलें हें आधीं सांगणें अवश्य आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्रहालयांत एकनाथी भागवताची एक हस्तलिखित पोथी लेखकाच्या पाहण्यांत आली. संग्रहालयाचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. कागद जुना, अक्षर वळणदार, चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून केलेल्या दुरुस्त्या. एकंदरींत पोथी काळजीपूर्वक लिहिलेली होती. परंतु शेवटचें पान गहाळ होतें, आणि लेखनाचा शक, लेखकाचें नांव व स्थळ सांगणारी पुष्पिका त्याच्याबरोबरच गेली होती. मूळचा बस्ता टाकून देऊन पोथीस नवें कापड गुंडाळलें होतें. शेजारच्या चिठ्ठीवर 'एकनाथी भागवत, पुसेगांव' एवढाच मजकूर होता. हें पुसेगांव कोणतें, असें तेथील गृहस्थांस विचारतां त्यांनीं सहजपणें उत्तर दिलें, "साताऱ्याकडचेंच असणार; दुसरें पुसेगांव कोठें आहे ?"

दुसरें पुसेगांव आहे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांतील पुसेगांव सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळें महाराष्ट्रभर ठाऊक आहे. दुसरें पुसेगांव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत आहे, आणि तेथेंच बसून हा लेख लिहिला जात आहे. पोथींतील ग्रंथावरून निर्णय करावा तर तोहि मार्ग खुंटलेला. नाथांचें भागवत पैठणच्या परिसरांत जितकें वाचलें गेलें तितकेंच कृष्णाकांठींहि वाचलें गेलें. नामदेवांचें नरसी याच हिंगोली जिल्ह्यांत असल्यामुळें या बाजूस वारकरी परंपरा जुनी आहे. परंतु साताऱ्याच्या बाजूसहि ती कमी नाहीं. तेव्हां ती पोथी कोणत्या गांवीं लिहिली, कोणीं वाचली, कोणाच्या देवघरांत राहिली, हे सर्व प्रश्न एका अपुऱ्या चिठ्ठीमुळें कायमचे अनिर्णीत राहिले. ग्रंथ वांचला, पण त्याचा पुरावा या नात्यानें असलेला उपयोग बहुतेक नष्ट झाला.

या घोटाळ्यास आणखीहि एक अंग आहे. हिंगोलीकडचें पुसेगांव जागचें हललें नाहीं, पण त्याचा पत्ता वेळोवेळीं बदलला. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, व १९६० सालीं महाराष्ट्रांत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं निर्माण झाला. तोंपर्यंत हा सर्व मुलूख परभणी जिल्ह्यांत मोडत असे. म्हणजे या गांवची एखादी वस्तु १९३० सालीं नोंदली गेली असेल तर ती 'हैदराबाद संस्थान' या सदराखालीं सांपडेल, १९८० सालीं नोंदली असेल तर 'परभणी' खालीं, आणि आजच्या यादींत 'हिंगोली' खालीं. ज्यास हा क्रम ठाऊक नाहीं तो एकाच गांवच्या तीन वस्तु तीन प्रदेशांच्या समजेल. याच जिल्ह्यांतील नागनाथाचें औंढा व सातारा जिल्ह्यांतील पंतप्रतिनिधींचें औंध यांचाहि असाच गोंधळ होण्यासारखा आहे. आणि योगायोग असा कीं औंध व सातारकडचें पुसेगांव हीं दोन्हीं एकाच खटाव तालुक्यांत आहेत. ज्या यादींत तालुका नाहीं, त्या यादींत हीं चारहि गांवें एकमेकांत मिसळण्यास वेळ लागणार नाहीं.

यावरून जी कसोटी सुचली तीस सोयीसाठीं पुसेगांवची कसोटी म्हणूं. तींत तीन प्रश्न आहेत. पहिला, वस्तु कोणत्या गांवाहून आली, व त्या गांवीं ती देवळांत, वाड्यांत, शेतांत कीं विहिरींत होती, हें संग्रहालय सांगतें काय ? दुसरा, ती देणगीनें, खरेदीनें कीं उत्खननानें व कोणत्या वर्षीं आली, हें सांगतें काय ? तिसरा, त्या गांवच्या माणसास किंवा दूरच्या अभ्यासकास ती वस्तु व तिची नोंद पाहतां येते काय ? वस्तूचें सौंदर्य या कसोटींत येत नाहीं, असा आक्षेप निघेल. त्याचा विचार पुढें करूं.

प्रथम वयाचा प्रश्न. आपलीं संग्रहालयें पाश्चात्त्यांच्या मानानें अगदीं अलीकडचीं, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं. कलकत्त्याचें संग्रहालय १८१४ सालचें. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय, ज्यास लोक अजब बंगला म्हणतात, १८६३ सालीं स्थापन झालें. न्यूयॉर्कचें मेट्रोपॉलिटन व बोस्टनचें ललितकला संग्रहालय यांची स्थापना १८७० सालची. मेट्रोपॉलिटननें आपलीं दारें १८७२ च्या फेब्रुवारींत प्रथम उघडलीं, आणि भायखळ्याचें संग्रहालय, ज्यास १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे, त्याच वर्षीं मे महिन्यांत लोकांसाठीं उघडलें. बोस्टनचें त्यानंतर चार वर्षांनीं, १८७६ सालीं उघडलें. लोकाश्रयाच्या बाबतींतहि साम्य आहे. अमेरिकेंतील हीं संग्रहालयें श्रीमंत नागरिकांच्या देणग्यांवर उभीं राहिलीं. भायखळ्याच्या संग्रहालयामागेंहि जगन्नाथ शंकरशेट व भाऊ दाजी यांच्यासारख्या नागरिकांची खटपट होती. तेव्हां अंतर वयाचें नाहीं. तें नोंदवहीचें आहे.

बोस्टन, न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील संग्रहालयांत वस्तु दाखल झाली कीं तीस क्रमांक मिळतो, व त्या क्रमांकांतच ती कोणत्या वर्षीं आली हें गोंविलेलें असतें. दात्याचें किंवा निधीचें नांव त्यापुढें येतें. बोस्टनला आनंद कुमारस्वामी १९१७ सालीं गेले व तेथील हिंदी संग्रहाचे पालक झाले. त्यांनीं त्या संग्रहाची सविस्तर वर्णनात्मक सूची १९२३ पासून भागशः प्रसिद्ध केली. फिलाडेल्फियाचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. मदुरेच्या एका देवळाच्या मंडपाचे खांब १९१२ सालीं एका अमेरिकन बाईंनीं विकत घेतले व १९१९ सालीं ते त्या संग्रहालयास मिळाले. नॉर्मन ब्राउन या पंडितानें मदुरेचा शोध घेऊन ते खांब मदनगोपालस्वामींच्या देवळाचे असा निर्णय केला व १९४० सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. खांब आपल्या जागेवरून गेले ही हानि झालीच. परंतु ते कोठून गेले हें आज कोणासहि सांगतां येतें.

यावरून अमेरिकेंतील संग्रहालयें कसोटीस पूर्ण उतरलीं असें मात्र समजूं नये. तामिळनाडूंतील शिवपुरमचा नटराज कॅलिफोर्नियांतील एका संग्राहकाच्या हातीं गेला होता, तो दीर्घ वादानंतर १९८६ सालीं परत आला. मेट्रोपॉलिटननें २०२३ सालीं पंधरा शिल्पें भारतास परत देण्याचें जाहीर केलें. जेथें नोंदवही इतकी व्यवस्थित, तेथेंच अशी वेळ यावी याचें कारण उघड आहे : व्यापाऱ्यानें लिहून दिलेला इतिहास वहींत जसाच्या तसा उतरला कीं वही नीटनेटकी दिसते, पण खरी होत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथून श्रीपुरंतनचा नटराज २०१४ सालीं परत आला, तेव्हां पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेनें त्या देवळांत पूर्वीं घेतलेलीं छायाचित्रें निर्णायक ठरलीं. वस्तु गांवांत असतांना गांवांतच केलेली नोंद ही मोठ्या संग्रहालयाच्या वहीहूनहि बलवान् असते, हें या प्रकरणानें सिद्ध झालें. पुसेगांवसारख्या गांवच्या माणसानें लक्षांत ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईस दोन संग्रहालयें विचारांत घेण्यासारखीं आहेत. भायखळ्याचें संग्रहालय मुंबई शहर, त्यांतील कारागिरी व लोकजीवन एवढ्यापुरतें आपलें क्षेत्र मर्यादित ठेवतें. २००३ पासून २००८ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार झाला, व त्या कामास युनेस्कोचें पारितोषिक २००५ सालींच मिळालें. या संग्रहालयाची आमच्या दृष्टीनें उत्तम वस्तु इमारतीच्या बाहेर आहे. ती म्हणजे घारापुरीचा पाषाणाचा हत्ती. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास नांव दिलें. १८६४ सालीं त्यास इंग्लंडला नेण्याच्या खटपटींत तो मोडला. तुकडे उद्यानांत येऊन पडले, व १९१४ सालीं ते जोडून हत्ती पुन्हां उभा केला. तो कोठला, केव्हां हलला, कां मोडला, कोणत्या वर्षीं सांधला, हें सर्व ठाऊक असल्यामुळें त्या झिजलेल्या दगडास जो अर्थ आहे, तो गांवाचा पत्ता हरवलेल्या एखाद्या अखंड व सुबक मूर्तीस येत नाहीं. भाऊ दाजींनीं स्वतः अजिंठ्याचे लेख वाचून प्रसिद्ध केले. शिलालेखाचें मोल त्याच्या जागेशीं बांधलेलें असतें, हें त्यांस पूर्ण अवगत होतें. त्यांचें नांव धारण करणाऱ्या संस्थेनें हा वारसा सांभाळला हें योग्यच झालें.

छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हें पूर्वींचें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं बसली, जॉर्ज विटेट यांनीं आराखडा केला, इमारत १९१४ सालीं उभी राहिली, पण महायुद्धांत ती लष्करी रुग्णालयाकडे गेल्यानें १० जानेवारी १९२२ रोजीं संग्रहालय उघडलें. वैभवांत यास महाराष्ट्रांत जोड नाहीं. तरी याचे दोन भाग कसोटीस सारखे उतरत नाहींत. सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपाचीं मृण्मय शिल्पें कझिन्स यांच्या उत्खननांतून निघालीं. तीं कोणत्या स्तूपाचीं हें निश्चित आहे, व आज तो प्रदेश परराज्यांत गेला असतांहि त्या शिल्पांचा अर्थ ढळलेला नाहीं. खानदेशांतील चहार्डीची जैन चौविसी हीहि गांवाच्या नांवानेंच अभ्यासकांत ओळखली जाते. उलट सेठ पुरुषोत्तम मावजी, सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे संग्रह १९१५, १९२१ व १९३३ सालीं तेथें आले. या देणग्या व खरेद्या नसत्या तर हें संग्रहालय अर्धें रिकामें राहिलें असतें, हें कृतज्ञतापूर्वक मान्य केलें पाहिजे. परंतु खाजगी संग्राहक सुंदर वस्तु घेतो, पत्ता घेत नाहीं. वस्तु बाजारांत येतांना गांवाचें नांव पुष्कळदां वाटेंतच गळून पडतें, व मग संग्रहालयास देणगीदाराच्या नांवावर समाधान मानावें लागतें. अशा वस्तूंविषयीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर चोख मिळतें, पहिल्याचें मिळत नाहीं.

नागपूरच्या संग्रहालयाची कीर्ति त्या मानानें कमी, पण कसोटीच्या दृष्टीनें त्याची बाजू बळकट आहे. भूमिगत द्रव्यासंबंधींचा कायदा १८७८ सालीं झाला. त्यान्वयें सांपडलेला ठेवा कोठें, कोणास व कसा सांपडला याची सरकारी नोंद होऊं लागली, व मध्यप्रांत आणि वऱ्हाड येथील पुष्कळ ठेवे नागपुरास आले. बालाघाटकडील गुंगेरिया येथें १८७० सालीं निघालेल्या ताम्रशस्त्रांचा कांहीं भाग तेथें आहे, आणि अकोला जिल्ह्यांतील राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुमूर्तींचा समूह तेथेंच आहे. राजनापूर खिनखिनी हें नांव त्या तालुक्याबाहेर कोणास ठाऊक झालें असतें ? आज जैन मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांस तें परिचित आहे, याचें श्रेय चिठ्ठीवर गांवाचें नांव शाबूत राहिलें यास आहे. हेंच भाग्य पुसेगांवच्या पोथीस लाभलें नाहीं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाविषयीं लिहितांना लेखणी थोडी अडखळते. कारण त्या संग्रहामागील तपश्चर्या कोणासहि नतमस्तक करणारी आहे. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनीं १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला, अकालीं निवर्तलेल्या पुत्राचें नांव त्यास दिलें, व १९७५ सालीं वीस हजारांच्या घरांत गेलेला तो सर्व संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, दौती, पानदान, वज्र्या, कोरीव दरवाजे या घरगुती वस्तु जतन करण्याजोग्या आहेत असें ज्या काळीं कोणाच्याहि ध्यानीं नव्हतें, त्या काळीं त्यांनीं त्या गांवोगांव हिंडून मिळविल्या. मोडींत जाणारें पितळ त्यांनीं वांचविलें, हा उपकार लहान नाहीं. तरी कसोटी ती कसोटी. तेथें अडकित्त्याशेजारीं अडकित्ता व दिव्याशेजारीं दिवा अशी जातवार मांडणी आहे. तींत कारागिराची कल्पकता उत्तम दिसते. परंतु कोणता अडकित्ता कोणत्या गांवच्या कोणत्या घरांतील, हा प्रश्न मांडणीच्या ओघांत मागें पडतो. कोथरूडहून आणून पुन्हां उभारलेला मस्तानी महाल हा त्यास ठळक अपवाद आहे. तेथें उभें राहिल्यावर प्रेक्षक प्रथम स्थळाचें नांव घेतो, मग नक्षीकडे पाहतो.

पुण्यांतच डेक्कन कॉलेजांत पारसनिसांचा संग्रह आहे. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं साताऱ्यास जमविलेली ही सामग्री १९३९ सालीं पुण्यास आली. संशोधनाच्या सोयीच्या दृष्टीनें हें स्थलांतर समर्थनीय होतें. साताऱ्याच्या दृष्टीनें तें नुकसान होतें. परंतु संग्रहाचें नांव, संग्राहकाचें चरित्र व स्थलांतराचें वर्ष कायम राहिल्यामुळें सातारकरांस आपली वस्तु कोठें आहे हें निदान सांगतां येतें. हरवणें व हलणें यांत भेद आहे, तो एवढाच.

कोल्हापूर, तेर व औंध हीं तीन स्थळें क्रमवारी लावणाऱ्यांच्या यादींत बहुधा खालीं असतात. आमच्या कसोटीनें तीं वर येतात. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सांकळिया व दीक्षित यांनीं १९४५-४६ सालीं उत्खनन केलें. त्याच ब्रह्मपुरीची समुद्रदेवतेची रोमक धर्तीची कांस्यमूर्ति टाऊन हॉलमधील संग्रहालयांत आहे. ती पाहून प्रेक्षकास ज्या टेकडींतून ती निघाली त्या टेकडीपर्यंत पायीं जातां येतें. असा योग लंडन किंवा न्यूयॉर्क येथें येणें नाहीं.

तेरची गोष्ट मराठवाड्यास भूषणावह आहे. धाराशिव जिल्ह्यांतील हें गांव म्हणजे ग्रीक प्रवाशांस ठाऊक असलेलें तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या पांढरींत मिळणाऱ्या वस्तु आयुष्यभर वेंचल्या : मणी, मृण्मूर्ति, नाणीं, शंखाच्या बांगड्या. त्यांचें नांव असलेलें शासकीय संग्रहालय त्याच गांवीं उभें आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें निघालेल्या हस्तिदंती मूर्तीशीं ताडून पाहिली जाते. ही तुलना करतां येते याचें कारण दोन्हीं मूर्तींचीं स्थळें निश्चित आहेत. तेरची मूर्ति एखाद्या शहरी दुकानांत विकली जाऊन 'दक्षिण हिंदुस्थान' एवढ्याच चिठ्ठीसह पुढें आली असती, तर ती एक सुबक बाहुली राहिली असती; तगराच्या व रोमच्या दळणवळणाचा पुरावा झाली नसती. सौंदर्याचा प्रश्न वर शिल्लक ठेवला होता, त्याचें उत्तर येथें आहे. मूर्तीचें सौंदर्य चिठ्ठीवर अवलंबून नाहीं हें खरें. परंतु तें कोणत्या लोकांनीं, कोणत्या काळीं, कोणाकडून शिकून निर्माण केलें हें समजल्यावांचून त्याचा आस्वादहि अर्धवट राहतो.

औंधच्या भवानी संग्रहालयाची रीत याच्या उलट आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर हें संग्रहालय बांधलें. रविवर्म्याचीं चित्रें व हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची मातेची मूर्ति एका लहान संस्थानी गांवांत येऊन राहिलीं. इतरत्र खेड्यांतील वस्तु शहरांत जाते. येथें शहरांतील वस्तु खेड्यांत आली. घेणारा एकच, त्याचा काळ व त्याची अभिरुचि ज्ञात, त्यामुळें संग्रहास सलगपणा आहे. परंतु असा राजा प्रत्येक गांवास लाभत नसतो, म्हणून हा कित्ता गिरविण्याजोगा नाहीं, तेरचा आहे.

मराठवाड्याच्या माणसानें ही तुलना हैदराबादेवांचून संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. निजामाच्या राज्यांत पुराणवस्तु खातें १९१४ सालीं निघालें व गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. १९३० सालीं हैदराबादचें सरकारी संग्रहालय स्थापन झालें. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे त्या खात्याच्या कक्षेंत असल्यामुळें मराठवाड्याच्या प्राचीन वस्तूंचा शोध करणाऱ्यास आजहि हैदराबादचे अहवाल पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. १९५६ सालीं जिल्हे वांटले गेले, पण दप्तरें व वस्तु जिल्ह्यांप्रमाणें वांटल्या जात नाहींत. त्याच शहरांतील सालारजंग संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजीं उघडलें व १९६८ सालीं आजच्या इमारतींत गेलें. मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग (१८८९-१९४९), यांचा हा संग्रह पाहून मति गुंग होते. बेंझोनीची बुरख्यांतील रिबेका व घड्याळांतील टोले देणारा पुतळा यांभोवतीं गर्दी असते. पोथीशोधकानें तेथील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांकडे आधीं जावें. हिंगोली-परभणीकडील जुन्या महसुली व्यवहाराची भाषा फारसी असल्यामुळें तिकडे पाठ फिरविणें आपल्यास परवडणारें नाहीं.

आतां निकाल. वैभवांत मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पहिलें, संग्राहकाच्या श्रमांत केळकर संग्रहालय पहिलें, ठेव्यांच्या नोंदींत नागपूर पहिलें. परंतु गांव, वस्तु व माणूस या तिघांचा संबंध अखंड राखण्यांत तेरचें लहान संग्रहालय या सर्वांच्या पुढें आहे, असें आमचें मत आहे. अमेरिकेंतील संग्रहालयांपासून वर्षनिहाय क्रमांक व छापील सूची या दोन गोष्टी आपण निःसंकोच घ्याव्यात. व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची त्यांची चूक घेऊं नये.

आणि खरें पाहतां चिठ्ठी कशी लिहावी हें शिकण्यास बोस्टनला जाण्याचीहि गरज नाहीं. आपला जुना पोथीलेखक काय करीत असे ? ग्रंथ संपला कीं शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि, वार, गांव, बहुधा नदीचा कांठ किंवा देवाचें सान्निध्य, स्वतःचें नांव, आणि कोणासाठीं लिहिलें त्याचें नांव, इतकें लिहून मगच लेखणी खालीं ठेवीत असे. वर जे तीन प्रश्न आम्हीं विचारले त्यांपैकीं दोहोंचीं उत्तरें त्या चार ओळींत येतात. पुष्पिका ही संग्रहालयाच्या चिठ्ठीची आजी आहे, आणि नात आजीइतकी शहाणी निघाली नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

पोथी किंवा मूर्ति ज्यांच्या हातीं येते अशा संग्राहकांस म्हणून एवढी विनंति आहे. जुना बस्ता टाकूं नये. त्यावरील शिवण, नांव किंवा डाग हाहि पुरावाच. वस्तु जेथून उचलली तेथेंच, उचलण्यापूर्वीं, तिचें छायाचित्र घ्यावें. गांवाबरोबर तालुका व जिल्हा लिहावा, आणि जिल्हा बदललेला असेल तर जुना व नवा दोन्ही. देणाऱ्याचें नांव व दिवस लिहावा. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलांत आहे. त्याप्रमाणें शंभर वर्षांची वस्तु पुराणवस्तु ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखितास मात्र पंचाहत्तर वर्षें पुरतात. म्हणजे आपल्या आजोबांच्या हातची एखादी वहीहि त्यांत येऊं शकेल. घरांतील पोथी संग्रहालयास द्यावयाची नसली तरी तिची नोंद करून ठेवण्यास कोणाची आडकाठी नाहीं. २००३ सालीं आरंभ झालेल्या राष्ट्रीय पाण्डुलिपि मिशनचा हेतूहि पोथ्या जेथें असतील तेथें त्यांची मोजदाद व्हावी हाच होता.

पुसेगांवास संग्रहालय नसलें म्हणून त्यास इतिहास नाहीं असें होत नाहीं. गांवांत कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरांत, देवळाच्या ओवरींत अजून काय आहे याची यादी गांवच्याच चार साक्षर माणसांनीं एका वहींत केली, तर पुढील काळांत त्यांतली वस्तु कोठल्याहि शहरांत गेली तरी तिचा पत्ता सुटणार नाहीं. काचेखालच्या त्या पोथीपुरती ही सूचना फार उशिरां येत आहे. तिचें शेवटचें पान कोणास सांपडलें, अथवा तिच्या जुन्या बस्त्याची माहिती कोणास असली, तर त्यानें ती या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावी. पोथी साताऱ्याची निघाली तरी आम्हांस वाईट वाटणार नाहीं. ती कोणाची हें ठरावें, एवढीच इच्छा आहे.

पुसेगांव, तालुका सेनगांव, जिल्हा हिंगोली (१९९९ पूर्वीं जिल्हा परभणी, १९५६ पूर्वीं हैदराबाद राज्य).